वॅट किती, हातात किती

चिंचणीच्या माणसाला विजेबद्दल बाहेरच्याने शिकवायला जाऊ नये. खाडी ओलांडली की तारापूर, आणि तिथे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ सालापासून उभं आहे. उत्तरेला डहाणूचं औष्णिक केंद्र, अडीचशे-अडीचशे मेगावॅटचे दोन संच. म्हणजे एका अंगाला अणू, दुसऱ्या अंगाला कोळसा आणि मधोमध आम्ही, मेणबत्ती कुठे ठेवली होती ते आठवत. लाइट जाण्याशी या दोन्ही केंद्रांचा काडीचाही संबंध नसतो. वाटेत माडाची झावळी असते, पहिला पाऊस असतो, तारेवर बसलेला एखादा बेफिकीर कावळा असतो. पण अंधारात डास मारत बसलेल्या माणसाला इतका तपशील नको असतो.

अशा गावात आमच्या घरी सगळ्यात जास्त वाद झाला तो वीजपुरवठ्यावरूनच. मात्र तो मेगावॅटचा नव्हता. १२५ मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर खोल आणि साडेत्रेसष्ट मिलिमीटर उंच, एवढ्या मापाची, कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पत्र्याची पेटी. दुकानात तिला एसएमपीएस म्हणतात आणि या छोट्या मापाला एसएफएक्स. घरात तिचं नाव पहिल्याच संध्याकाळी 'डबा' पडलं आणि कायमचं झालं.

डबा आला तो भाच्यामुळे. भावजींचा डायचा कारखाना आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांची नक्षी ज्या पोलादी साच्यांवर ठोकून उमटवतात, ते साचे म्हणजे डाय. चिंचणी आणि आजूबाजूच्या गावांत कित्येक घरांची चूल या धंद्यावर पेटली. भावजींच्या पिढीने डोळ्याला भिंग लावून हाताने नक्षी कोरली. भाच्याच्या पिढीला ती आधी पडद्यावर काढायची असते. पण कारखान्यातलं टेबल वडिलोपार्जित, आणि त्यावरची जागा वडिलांच्याच ताब्यात. उरलेल्या कोपऱ्यात मावेल असा छोटा कॉम्प्युटर जुळवायचा, तर त्याला छोटा डबा हवा, असा हिशेब.

भाच्याने निवडीसाठी दोन डबे आणले. पहिल्याच्या खोक्यावर ज्वाळा, ज्वाळांमध्ये सिंह आणि सिंहाच्या डोक्यावर '४५० वॅट'. दुसरा काळा, गंभीर, कोणाशी फारसं न बोलणारा. त्याच्यावर बारीक अक्षरात '३०० वॅट'. किंमत मात्र पहिल्याच्या तिप्पट. ज्याचे वॅट कमी त्याचे पैसे जास्त, हे ऐकल्यावर ताईने भाच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तीत निदान पाचशे वॅट होते. त्या दिवसापासून एक झाला 'साडेचारशे' आणि दुसरा 'तीनशे'. मग सुरू झाली परीक्षा. आपल्याकडे कोणतीही वस्तू विकत घेणारा एकटा असतो, पण पारखणारे गल्लीभर असतात.

पहिला नंबर आजोबांचा. त्यांनी दोन्ही डबे दोन तळहातांवर घेतले, डोळे मिटले आणि निकाल दिला, "हा जड आहे, हा घ्या." जड होता तो तीनशे. भाचा उसासा टाकून म्हणाला, "आजोबा, वजनावर काय आहे?" खरं तर वजनावर बरंच काही असतं. आत तांब्याची वेटोळी नीट भरलेली असली, उष्णता ओढून घेणारे धातूचे पत्रे जाड असले, की डबा हाताला जाणवतो. काटकसर करणारा कारखानदार आधी इथेच हात मारतो. पण आजोबांच्या मनातलं वजन जुन्या काळचं होतं. त्या वेळच्या वीजपुरवठ्यात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असे, आणि तो पायावर पडला तर माणूस आठवडाभर रजेवर जाई.

भाच्याने समजावलं, की भिंतीतून येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि एवढ्या संथ विजेला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. हा डबा आधी तिला सरळ करतो, तेव्हा ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते. मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो. वेग इतका वाढला, की तेच काम चिमटीत मावणारा ट्रान्सफॉर्मर करतो. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे चपळ असेल त्याला देह लागत नाही." मी सदरा जरा पुढे ओढून घेतला.

दुसरे परीक्षक शेजारचे काका. काका अणुकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर 'अमुक इतके वॅट' असं नुसतं बोलायची सोय नाही, ते लगेच विचारतात, "रेटेड, का खरे?" त्यांनी सिंहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोका उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि तळाशी चिकटवलेला तक्ता वाचायला घेतला. तो तक्ता वाचणारा गिऱ्हाईक छापणाऱ्यानेही अपेक्षिलेला नसतो, त्यामुळे खरं काय ते तिथेच लिहिलेलं असतं. साडेचारशेच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर होते.

"बारा गुणिले चौदा?" काकांनी भाच्याला विचारलं. भाचा इंजिनिअर, त्यामुळे त्याने मोबाइल काढला. तोवर ताई आतून ओरडली, "एकशे अडुसष्ट!"

आजचा कॉम्प्युटर त्याची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टच्या तारेवर भागवतो. ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारा असतात, पण त्यांच्यावर आता फारसा भार नसतो. साडेचारशेवाल्याने या तिन्ही तारांचे आकडे एकावर एक रचले होते, वर थोडे मनाचे घातले होते आणि त्या राशीवर सिंह बसवला होता. काकांनी निकाल दिला तो स्थळं बघणाऱ्या माणसाच्या भाषेत. "पॅकेज साडेचारशे, हातात एकशे अडुसष्ट. आणि हा काळा? बारा व्होल्टला पंचवीस अँपिअर. पॅकेज तीनशे, हातात तीनशे. मुलगी द्यायची तर इथे."

मग काकांनी खाडीपलीकडे हात केला. "आमच्याकडचे पहिले दोन संच बांधले तेव्हा दोनशे दहा मेगावॅटचे होते. पुढे आतल्या यंत्रणेला झेपेना, तर एकशे साठ लावले. कागदावरही एकशे साठच लिहिले. अणुभट्टीला आकडा कमी करायची लाज वाटली नाही, आणि या सिंहाला वाटते?" ही गोष्ट खरी आहे. तारापूरचे ते दोन संच आजही १६० मेगावॅटचे म्हणूनच मोजतात, आणि नंतर आलेले ५४०चे दोन मिळून केंद्राची बेरीज १४०० होते. २१० धरून केली असती तर बेरीज भरघोस दिसली असती. पण वीज बेरजेवर चालत नाही.

तसं पाहिलं तर स्पष्ट लिहून ठेवायची आमच्या गावाची परंपरा जुनी. चिंचणीत राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यातला एक तिसऱ्या इंद्र राजाच्या काळातला, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. संजाण प्रांताचा कारभार तेव्हा सुगतिप नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता; ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती' असंही आलं आहे, ते मोहम्मदचं रूप. त्याने संजाणच्या एका मठाला गाव दान दिलं, त्याची ही नोंद. कोणी दिलं, कोणाला दिलं, काय दिलं, सगळं तांब्यावर कोरलेलं, आणि हजार वर्षांनीही वाचता येतं. साडेचारशेचं लेबल हाताच्या घामाने दुसऱ्याच दिवशी पुसट व्हायला लागलं. त्यातही सगळ्यात आधी पुसला गेला तो अँपिअरचा रकाना.

तिसरी परीक्षा भावजींची. डबा उघडायचा नाही, अशी भाच्याने सगळ्यांना आधीच तंबी दिली होती. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. भावजी म्हणाले, "उघडतो कशाला? जाळी आहे ना." त्यांनी कोरायचं भिंग डोळ्याला लावलं, बॅटरीचा झोत जाळीतून आत सोडला आणि दोन्ही डबे नक्षी तपासावी तसे पाहिले. साडेचारशेच्या आत सोल्डरचे डाग कुठे जाड, कुठे उडालेले. एक जागा तर रिकामीच. तिथे काहीतरी बसायचं होतं, पण त्याऐवजी सरळ तारेचा तुकडा टाकून भागवलेलं. "ही जागा कशाची?" भावजींनी विचारलं. भिंतीतल्या विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरची ती जागा. स्वस्त डब्यातून हमखास गळतो तो हाच भाग. भावजी भिंग उतरवत म्हणाले, "माझ्याकडे असं काम करणाऱ्याला मी चहा देऊन घरी पाठवतो."

तीनशेच्या कपॅसिटरवर '१०५ अंश' लिहिलेलं त्यांना दिसलं. कपॅसिटर किती उष्णता सोसून किती काळ टिकेल, याची ही खूण. कपॅसिटरचा सर्वमान्य ठोकताळा असा, की चालताना तापमान दहा अंशांनी कमी ठेवलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हाच नियम लागू असावा, असं ताईचं मत पडलं. त्यावर भावजी काही बोलले नाहीत.

चौथी परीक्षा भाच्याच्या मित्रांनी घेतली. त्यांच्यात एक पद्धत आहे. डब्याच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार आणि शेजारची काळी तार कागदाच्या पिनेने जोडायची, की कॉम्प्युटरशिवायच डबा सुरू होतो. त्यांनी तसं केलं. साडेचारशेचा पंखा असा घोंघावला की मांजर उठून गेलं. "चालू आहे! मस्त आहे!" तीनशेला पीन लावली, तर पंखा एकदा हलला आणि थांबला. "गेला. डेड पीस." सगळे हळहळले. गेला कुठे? भार कमी असताना पंखा बंदच ठेवायचा, अशी त्या डब्याला शिकवण होती. काम नसताना आवाज न करणारा एखादा आपल्याकडे भेटला, की आपण त्याला लगेच मृत समजतो. शिवाय पिनेने एवढंच कळतं, की डबा जागा होतो. जागा होऊन काम करतो का, हा प्रश्न पिनेच्या कुवतीबाहेरचा.

म्हणून पाचवी परीक्षा, खरी. कोपऱ्यावरच्या टेम्पो गॅरेजमधून हेडलाइटचे बल्ब आले. १२ व्होल्टचे, मोठ्या झोताला साठ वॅट खाणारे. एक बल्ब म्हणजे सुमारे पाच अँपिअर. बल्ब मातीच्या कौलावर मांडले, कारण ते भाजतात. मल्टिमीटर लावला. नियम असा, की १२ व्होल्टची तार पाच टक्के इकडे-तिकडे झाली तरी चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. बल्ब एकेक करून लावायचे, सगळे एकदम नाही. कारण थंड तार पेटताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते आणि चांगला डबासुद्धा घाबरून बंद पडतो.

साडेचारशे आधी. पहिला बल्ब लागला, १२.० वरून काटा ११.९. दुसरा लागला, ११.६. आजूबाजूची पोरं जमली. गणपतीची रोषणाई जूनमध्येच का, असं त्यांना वाटलं असणार. तिसरा बल्ब म्हणजे एकशे ऐंशी वॅट. काटा ११.१ वर आला, आणि गंमत म्हणजे ५ व्होल्टची तार त्याच वेळी वर चढायला लागली. एका भावाच्या पोटात गोळा आला की दुसऱ्याला ढेकर. स्वस्त डबे दोन्ही तारांना एकाच लगामाने हाकतात, त्यामुळे असं होतं. मग वास आला. हा वास वर्णन करून सांगता येत नाही, पण एकदा ज्याच्या नाकात गेला तो माणूस आयुष्यभर प्लगच्या जवळ बसतो. भाच्याने प्लग ओढला. सिंहाच्या तोंडातून खरंच धूर येत होता. खोक्यावरचं चित्र तेवढं प्रामाणिक निघालं.

तीनशेला चार बल्ब लावले, दोनशे चाळीस वॅट. काटा ११.९ वर बसला तो बसलाच. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला, तोही दबक्या आवाजात. काका इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

ताईची परीक्षा मात्र बाकी होती, आणि तिचे प्रश्न दोनच. आवाज किती आणि बिल किती? आवाजाचं उत्तर कानावर होतंच. यापेक्षाही चपटे डबे मिळतात, पण त्यांच्यात चाळीस मिलिमीटरचा चिमुकला पंखा असतो. तेवढ्या पंख्याला हवा ढकलायची तर जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. बारीक चणीची काही माणसंही घरात अशीच ओळखू येतात.

बिलाचा हिशेब ताईनेच मांडला. तीनशेवर ८० प्लसचा 'गोल्ड' शिक्का होता, म्हणजे अर्ध्या भारावर निदान ९० टक्के वीज पुढे जाते. कॉम्प्युटरला शंभर वॅट द्यायचे, तर हा भिंतीतून १११ घेतो. ७५ टक्क्यांचा डबा १३३ घेतो. फरक बावीस वॅटचा, आणि तो सगळा उष्णता होऊन त्या छोट्या पेटीतच कोंडतो. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस, तर सहासष्ट युनिट. "म्हणजे सहासष्ट युनिट जाळून आपण आपलाच कॉम्प्युटर उकडायचा," ताई म्हणाली. तिप्पट किमतीची तक्रार त्यानंतर ऐकू आली नाही.

या सगळ्यात बोईसरचे एक नातेवाईक फोनवर होतेच. त्यांचा सल्ला, "हजार वॅटचा टाका. एकदाच घ्यायचा तर मोठा." मोठ्याचं आपल्याला फार आकर्षण. हॉल मोठा, पत्रिका मोठी, डबा मोठा. पण नक्षी काढायच्या छोट्या कॉम्प्युटरला रिकामा बसला असताना तीस-चाळीस वॅट पुरतात, राबला तरी शंभरच्या आसपास. १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला, त्याचा वीजपुरवठा साडेत्रेसष्ट वॅटचा होता, आणि तेवढ्यावर अमेरिकेतल्या कचेऱ्या चालल्या. हजार वॅटचा डबा शंभरावर चालवला, तर तो आपल्या सोयीच्या भारापासून फार खाली राहतो आणि वीज वाचवायचीही त्याची तयारी नसते.

आमच्याकडच्या परीक्षा मात्र कोणत्याच माहितीपत्रकात नसतात. पहिली परीक्षा लाइटची. ती जाते, इन्व्हर्टर हात पुढे करतो, आणि मधल्या निमिषात डब्याने स्वतःच्या साठ्यावर कॉम्प्युटर धरून ठेवायचा असतो. चांगल्या डब्याकडून अपेक्षा असते सुमारे सोळा मिलिसेकंदांची. त्यासाठी इन्व्हर्टरचं बटणही 'यूपीएस'वर असायला हवं. 'नॉर्मल'वर तो फार सावकाश उठतो. दुसरी परीक्षा खाऱ्या हवेची. सुरूच्या बनातून येणारा वारा प्रवाशांना रम्य वाटतो, पण स्क्रूला तो गंज आणतो. तिसरी पालीची. भार नसताना पंखा बंद, आत ऊब आणि जाळीला भोकं; पालीच्या दृष्टीने ही फर्निश्ड खोली. आणि चौथी, डायच्या कारखान्याची खास परीक्षा, म्हणजे पोलादाचा भुगा. ग्राइंडरवरून उडणारा भुगा वीज वाहून नेतो. तो जाळीतून आत शिरला तर सोन्याच्या शिक्क्याचाही धूर होतो. म्हणून कॉम्प्युटरला कारखान्यातला कोपरा मिळाला नाही. तो भिंतीपलीकडे ताईच्या शिवणयंत्राशेजारी गेला, आणि टेबलाची वडिलोपार्जित जागा अबाधित राहिली.

राहिली वॉरंटी. साडेचारशेला 'टेस्टिंग वॉरंटी' होती. तिचा खरा अर्थ असा, की परीक्षा तुम्ही घ्यायची आणि नापासही तुम्हीच व्हायचं. दुकानदाराने डबा परत घेतला, पण वास हुंगून आधी "तुम्ही काय केलं?" असं विचारलं. तीनशेला सात वर्षं होती. बिघडला तर वाणगावला गाडी धरायची, दादरला बदलायची आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. एवढं करायला लागू नये म्हणूनच माणूस चांगला डबा घेतो, आणि एवढं करायची पाळी आपल्या गिऱ्हाइकावर सहसा येणार नाही याची खात्री असेल, तोच कारखानदार सात वर्षं लिहितो. सगळ्या लेबलांत हा आकडा सर्वात खरा, कारण तो खोटा ठरला तर पैसे लिहिणाऱ्याचे जातात.

तेव्हा छोटा कॉम्प्युटर जुळवणार असाल, तर एवढं करा. खोक्यावरचं चित्र बघू नका, खोका उलटा करा. १२ व्होल्टचा रकाना शोधा, त्यातल्या अँपिअरला बाराने गुणा आणि जे येईल तेच त्या डब्याचे वॅट समजा. मग वॉरंटीची वर्षं विचारा. आणि गुणाकार करताना दुकानदार मध्येच "अहो, तेवढं कोणी बघत नाही" असं म्हणाला, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.